दोन किल्ल्यांची पेटी

कॅप्टन जाचकांची पहिली गोळी फ्लोरी डाबरेच्या छातीवर लागली आणि दुसरी तिच्या खांद्याला. तिसरी अपहरणकर्त्याच्या वाट्याला आली, तीही त्याच्या बुटावर. गोळ्या रंगाच्या होत्या. अंधेरीच्या एका गोदामात जुन्या विमानाचा सांगाडा उभा करून आमच्या कंपनीने तालीम ठेवली होती, आणि अपहरणकर्ता म्हणून ट्रान्सपोर्ट खात्यातल्या सकपाळांना तोंडाला रुमाल बांधून उभं केलं होतं.

फ्लोरीने आपल्या पांढऱ्या ब्लाउजवरचे निळे डाग पाहिले. ती वसईची. एकवीस वर्षं हवाई सेविका म्हणून काढलेली, आवाज कधी न चढवणारी.

"तू मध्ये आलीस," जाचक म्हणाले.

"मी मध्येच असते, कॅप्टन. तुम्ही आणि पॅसेंजर यांच्या मध्ये. माझं कामच ते आहे."

सगळे हसले. सगळ्यांत मोठ्याने मी हसले.

अमेरिकेतल्या त्या हल्ल्यांनंतरचं दुसरं वर्ष होतं. जगभरच्या विमान कंपन्या घाबरलेल्या होत्या आणि घाबरलेल्या माणसाला कुणी काहीही विकू शकतं. आमच्या निलांबर एअरवेजला कुणीतरी कल्पना विकली की वैमानिकाच्या हाताशी पिस्तूल असावं. दिल्लीतल्या कुठल्या समितीने सहा महिन्यांच्या प्रयोगाला कशी परवानगी दिली, हे मला आजही कळलेलं नाही. निलांबरची जेमतेम सात विमानं. सगळी पंख्यांची, पन्नास माणसं नेणारी, म्हातारी. त्यांतल्या दोन विमानांत वैमानिकांच्या आसनांमागे एक पोलादी पेटी बसवली आणि पेटीत पिस्तूल ठेवलं.

पेटीला दोन कुलपं होती. एक किल्ली कॅप्टनकडे, दुसरी सहवैमानिकाकडे. दोन्ही फिरवल्याशिवाय झाकण उघडायचं नाही. सुरक्षा विभागाचे प्रमुख नाडगौडा हे दोन किल्ल्यांचं शास्त्र आम्हाला फळ्यावर काढून दाखवायचे.

"समजा एकाचं डोकं फिरलं," ते म्हणायचे, "तर दुसरा किल्ली देणार नाही. संपला प्रश्न."

"आणि दोघांचंही फिरलं तर?" मी विचारलं होतं.

"दोघांचं एकाच वेळी फिरत नाही. हे संख्याशास्त्र आहे, मिस धायगुडे."

कॅप्टन मंडळींना तीन दिवस गोळीबाराचं शिक्षण मिळालं. आम्हा सहवैमानिकांना एक तास. त्यात किल्ली कुठल्या बाजूला फिरवायची ते शिकवलं. मी हात वर करून म्हटलं, "कॅप्टन मागे वळून गोळी झाडत असतील तेव्हा पुढे बघायचं कुणी?" त्यावर नाडगौडांच्या आधी जाचकच म्हणाले, "तू. म्हणून तर विमानात दोन वैमानिक असतात."

यशवर्धन जाचक त्या वेळी बावन्न वर्षांचे होते. हवाई दलाने त्यांना तरुणपणी दोनदा नापास केलं होतं. ही गोष्ट त्यांनी कुणालाही सांगितलेली नव्हती, त्यामुळे ती सगळ्यांना माहीत होती. ते कँटीनला मेस म्हणत, प्रवाशांना 'सिव्हिलियन' म्हणत, आणि स्वतः सिव्हिलियन आहोत हे विसरून चालत. पिस्तुलाचं शिक्षण घेऊन आल्यावर त्यांची चालच बदलली. उजवा हात शरीरापासून थोडा लांब ठेवून चालायला लागले, जणू कमरेला काहीतरी आहे. कमरेला मोबाइल होता.

एवढं मात्र खरं की ते विमान सुरेख उडवायचे. त्यांनी चाकं टेकवली की प्रवाशांना कळायचंसुद्धा नाही. मी अकराशे तास उडलेली एकतीस वर्षांची पोर, लोणंदच्या शाळामास्तरांची मुलगी. त्यांच्याकडून मला खूप शिकता आलं असतं. मी शिकले काय, तर त्यांची नक्कल करायला. कर्मचाऱ्यांच्या बसमध्ये मी हात लांब धरून त्यांच्यासारखी चालून दाखवायचे आणि बस हसून लोळायची. फ्लोरी तेवढी हसायची नाही. एकदा मला म्हणाली, "उत्तरा, तू त्यांना हसतेस, पण तोंडावर एकदाही काही बोलत नाहीस."

"तोंडावर बोलण्यासारखं आहे काय त्यांच्यात?" मी म्हटलं.

प्रयोगाचा दुसरा महिना. मार्चमधली सकाळ. मुंबईहून नागपूरला निघायचं होतं, एकेचाळीस प्रवासी. निघण्याआधी फ्लोरी कॉकपिटच्या दारात उभी राहिली.

"मागचा फोन अजून मेलेलाच आहे, कॅप्टन. वहीत तीन दिवस लिहिते आहे."

विमानाच्या शेपटाकडे एक फोन असतो, तिथून हवाई सेविका कॉकपिटशी बोलते. तो बंद म्हणजे मागे काही झालं तर चालत पुढे येऊन सांगायचं.

"नागपूरला बघतील," जाचक म्हणाले. "काही लागलं तर ये आणि दार ठोक. तीनदा. तीन म्हणजे आपला माणूस."

दाराला पूर्वी एक छोटं भिंग होतं, बाहेर कोण आहे ते आतून दिसायचं. आदल्या वर्षी सुरक्षेचा उपाय म्हणून ते बुजवलं होतं. नव्या पोलादी दारांची मागणी नोंदवलेली होती, ती यायची होती. तोवर पातळ पत्र्याचं जुनंच दार. पिस्तूल मात्र वेळेवर आलं होतं.

उड्डाण झालं. आकाश स्वच्छ होतं, हवा जरा उकळत होती, मार्चमध्ये असते तशी. विमान माझ्या हातात होतं आणि जाचक मला सांगत होते की भीती माणसाच्या डोळ्यांत आधी दिसते आणि हातांत नंतर. हे त्यांना शिक्षण देणाऱ्या कुणा सुभेदाराने सांगितलं होतं. मी "हो, सर" म्हणत होते. औरंगाबाद डाव्या पंखाखालून मागे गेलं.

बेचाळिसाव्या मिनिटाला दार वाजलं.

तीनदा नाही. एकसारखं. मुठीने, मग तळहाताने, मग पुन्हा मुठीने. पंख्यांच्या आवाजात बाहेर एक पुरुष काहीतरी ओरडत होता. शब्द कळत नव्हते.

जाचकांनी पट्टा सोडला. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, हे मला नीट आठवतं. कित्येक वर्षं ज्या पाहुण्याची वाट बघितली तो अखेर दाराशी आला, असा तो चेहरा होता.

"तीन नाहीत," ते म्हणाले.

"सर, कुणी शौचालयाचं दार समजून ठोकत असेल."

"इतक्या जोरात?" ते आसनातून उठले, मागे वळले आणि त्यांनी आपली किल्ली पेटीच्या कुलपात घातली. "किल्ली."

"सर, आधी फ्लोरी…"

"किल्ली, धायगुडे."

माझी किल्ली गळ्यात साखळीला होती. ती काढली, डावा हात मागे नेऊन कुलपात घातली आणि शिकवलं होतं त्या बाजूला फिरवली. झाकण उघडलं. मी पुन्हा समोर बघायला लागले.

त्याच सुमाराला मला वास आला. प्लॅस्टिक जळल्याचा. आधी वाटलं आपल्याच यंत्रांतून येतोय. सगळी घड्याळं नजरेखालून घातली, सगळं जागच्या जागी होतं.

"सर, जळका वास येतोय. मागून येतोय."

"तीच तर युक्ती आहे," जाचक म्हणाले. "धूर करायचा आणि दार उघडायला लावायचं. आम्हाला शिकवलंय हे."

"सर, मागे आग असेल तर आपल्याला खाली जायला हवं."

"विमान तू सांभाळ. दार मी सांभाळतो."

दार वाजतच होतं. मी औरंगाबादला कळवलं की धुराचा वास आहे, परत येतोय, पहिला रस्ता आम्हाला द्या. पलीकडच्या माणसाने एकही प्रश्न न विचारता रस्ता मोकळा केला. मी विमान वळवायला घेतलं आणि नाक खाली घातलं. घाईत घातलं. जास्त घातलं. जाचक उभे होते, त्यांनी कशाला धरलेलं नव्हतं, कारण दोन्ही हातांत पिस्तूल होतं.

लहान खोलीत गोळीचा आवाज कानाला ऐकू येत नाही, तो दातांत बसतो. नंतर काही क्षण पंख्यांची घरघरसुद्धा नाहीशी झाली. पत्र्याच्या दाराला, साधारण खांद्याच्या उंचीवर, एक गोल भोक पडलं होतं आणि त्यातून बाहेरचा उजेड आत येत होता.

दार वाजायचं थांबलं.

मी पुढे बघत होते. उंची वाचत होते, वेग वाचत होते. मागे वळून बघायचं नाही, एवढं एकच काम मी त्या वेळी नीट केलं.

मग तीन टकटक झाल्या. सावकाश, मोजून. आणि त्या भोकातून फ्लोरीचा आवाज आला, नेहमीसारखाच.

"कॅप्टन, मी फ्लोरी. मागच्या शौचालयात आग लागली होती. विझत आली आहे, पण विमान खाली न्या. आणि मी निरोप द्यायला पाठवलेल्या माणसाला तुम्ही गोळी मारली आहे. मला आत तुमच्याकडची औषधपेटी हवी आहे, दार उघडा."

जाचकांनी दार उघडलं. मला दिसलं नाही, ऐकू आलं. कुणीतरी माणूस न कण्हता, नुसता तोंडाने जोरजोरात श्वास घेत होता. त्याच्यामागे लहान मुलं रडत होती. औषधपेटी गेली. दार लागलं. जाचक आपल्या आसनाशी आले आणि तसेच उभे राहिले.

"हे कुठे ठेवू?" त्यांनी मला विचारलं.

त्यांच्या हातात अजून पिस्तूल होतं. पेटी त्यांच्या पाठीमागे उघडी होती, तरी त्यांना ती सापडत नव्हती. बावन्न वर्षांचा माणूस हातातली वस्तू कुठे ठेवू म्हणून विचारत होता.

"पेटीत, सर," मी म्हटलं.

विमान मी उतरवलं. वाईट उतरवलं, दोनदा उसळलं. कुणीही तक्रार केली नाही.

काय झालं होतं ते मला फ्लोरीने धावपट्टीच्या कडेला, रुग्णवाहिका गेल्यावर सांगितलं. तिचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. शौचालयात कुणीतरी चोरून सिगारेट ओढून थोटूक कागदांच्या डब्यात टाकलं होतं. त्या जुन्या विमानात धुराचा इशारा फक्त मागेच वाजायचा. ती दार उघडून आत पाणी ओतायला निघाली तेव्हा बाजूच्या आसनावरचा एक म्हातारा उठला आणि म्हणाला, "बाई, दार पुरं उघडू नका, हवा भेटली का भडकते. फटीतून मारा." तो जंगल खात्यातला निवृत्त वनरक्षक होता. आयुष्यभर वणवे विझवलेला. पहिल्यांदाच विमानात बसलेला. मुंबईत परिचारिका असलेल्या मुलीने हौसेने तिकीट काढून दिलं होतं. पूर्ण विमानात तो एकटा शांत होता, म्हणून फ्लोरीने त्यालाच पुढे पाठवलं. दार ठोका आणि सांगा, म्हणाली. तीनदा ठोका, एवढं सांगायला ती विसरली.

"मी विसरले," ती पुन्हा म्हणाली. तिचं पुढे आयुष्यभर तेच राहिलं, मी विसरले. ज्याने दोष घ्यावा असं काहीच केलेलं नसतं, तोच माणूस दोष घेऊन बसतो, हे मी नंतरही पुष्कळदा पाहिलं.

त्याचं नाव देवाजी मडावी. गोळी उजव्या तळहातातून आरपार जाऊन छतात बसली होती. दोन बोटं गेली.

दुपारी नाडगौडा औरंगाबादला पोचले. विमानतळावरच्या एका खोलीत त्यांनी आम्हाला एकेकटं बोलावलं. माझ्यापुढे चहा ठेवला आणि एक टाइप केलेला कागद ठेवला.

"कॅप्टननी इशाऱ्याची गोळी झाडली," ते म्हणाले. "त्याआधी तीनदा ताकीद दिली. बरोबर?"

"नाही."

"म्हणजे तुम्हाला ऐकू आली नाही. तुम्ही विमान उडवत होता."

"ताकीद दिलीच नाही. आणि इशाऱ्याची गोळी माणसाच्या हातातून जात नाही."

"मिस धायगुडे, या प्रयोगाकडे पुष्कळ लोकांचं लक्ष आहे. यातून एक चांगली गोष्ट निघाली, ती बघा. दार कुणीही तोडू शकलं नाही."

हे ते गंभीरपणे म्हणाले. दार तोडायला आलेलंच कुणी नव्हतं. एका म्हाताऱ्याने ते ठोकलं होतं. आणि या गृहस्थांच्या फळ्यावर तेवढ्यात त्याचं यश होऊन बसलं होतं.

त्यांचा कागद मी सरकवून दिला आणि माझ्या हाताने जबाब लिहिला. जाचकांनी ताकीद दिली नाही. वास येतोय हे मी दोनदा सांगितलं, त्यांनी ऐकलं नाही. विमान खाली जाताना ते कशालाही न धरता उभे होते. सगळं खरं लिहिलं. अक्षर चांगलं काढलं. पेटीपाशी आल्यावर लिहिलं, 'पेटी उघडण्यात आली.' आणि पुढच्या वाक्याकडे वळले.

बाहेर व्हरांड्यात जाचक बाकावर बसले होते. टोपी मांडीवर. मला बघून उठले नाहीत.

"तू नाक एकदम खाली घातलंस," ते म्हणाले.

"हो, सर."

"नाहीतर मी झाडली नसती."

"कदाचित."

त्यांनी मांडीवरची टोपी उलटी करून ठेवली. मग खाली बघत म्हणाले, "आणि किल्ली तू द्यायला नको होतीस. नियम त्यासाठीच होता."

मला इतका संताप आला की मी तडक तिथून निघून गेले. स्वतः किल्ली मागायची, आवाज चढवून मागायची, आणि वर हे. गाडीत बसल्यावरही माझं डोकं तापलेलंच होतं. रात्री लॉजवर पोचेपर्यंत केव्हातरी माझ्या लक्षात आलं की त्या दिवसभरात तो माणूस एवढं एकच वाक्य शहाण्यासारखं बोलला होता. ते त्याने आपल्या जबाबात लिहिलं नाही. लिहिलं असतं तर किल्ली दोनदा मागावी लागली, हेही लिहावं लागलं असतं. मीही लिहिलं नाही. चौकशीत कुणी विचारलंही नाही. दोन किल्ल्यांची पेटी बनवणाऱ्यांना दुसऱ्या किल्लीची आठवणच झाली नाही.

चार महिन्यांनी मी चंद्रपूर जिल्ह्यात, मूल या तालुक्याच्या गावाजवळ, देवाजी मडावींच्या गावी गेले. कुणी पाठवलं नव्हतं. नागपूरला मुक्काम होता, तिथून एसटी धरली. मडावी अंगणात वालाचा वेल मांडवावर चढवत होते. उजव्या हाताला तीन बोटं, त्यात सुतळीची गाठ बसत नव्हती, म्हणून एक टोक दातांत धरलं होतं. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी सुतळी तोंडातून काढली आणि मुलीला हाक मारली. मुलगी, सुषमा, तीच परिचारिका, रजा टाकून आली होती. तिने मला पाणी दिलं, तेही माझ्याकडे न बघता.

"तुम्ही विमान खाली आनलं नं," मडावी म्हणाले. "ते सेविकाबाई सांगत होते."

"हो."

"चांगलं केलं."

ते 'चांगलं केलं' मला सहन झालं नाही. मी त्यांना पेटीचं सांगितलं. दोन कुलपं, दोन किल्ल्या, दुसरी माझ्या गळ्यात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे तुम्ही नाही देली असती तं ते पेटी उघडलीच नसती?"

"नसती."

"तुम्हाले वाटलं का तो मानूस बरोबर बोलून राहिला, म्हून देली?"

"नाही. मला वाटत होतं की तो मूर्ख आहे."

"मंग काहून देली?"

चार महिने हाच प्रश्न मी स्वतःला वेगवेगळ्या शब्दांत विचारला होता आणि वेगवेगळी उत्तरं दिली होती. कॅप्टनचा हुकूम होता. वेळ नव्हता. विमान हातात होतं. त्या अंगणात मात्र खरं तेच तोंडाला आलं. किल्ली फिरवताना माझ्या मनात शब्दशः काय होतं, ते मला पक्कं आठवत होतं. घे बाबा तुझं खेळणं, आणि मला विमान उडवू दे.

"त्याच्याशी भांडण्याइतकीही त्याची लायकी नाही, असं वाटलं मला," मी म्हटलं. "म्हणून दिली."

सुषमाने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. मडावींनी नाही. ते वेलाकडे बघत होते.

"एक इचारू का, बाई?"

"विचारा."

"मी दार वाजवत होतो. वरडत होतो. आत तुम्ही दोघं जन होते, शिकलेले. तं दोघांतून एकानं तरी काहून नाही इचारलं, कोन होय म्हून?" त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं. "आमच्याइकडे रातच्याला अस्वल येऊन दाराले पाठ घासते. तरी मानूस आतून पह्यले इचारते, कोन आहे बा? अस्वल काही सांगते का? पन इचारते."

मी उत्तर शोधलं. पंख्यांचा आवाज होता, असं म्हणता आलं असतं. पण फ्लोरीचा आवाज आला होता आत. आम्ही ओरडून विचारलं असतं तर त्यांनाही ऐकू गेलं असतं. त्या पत्र्याला कान लावला असता तरी 'आग' हा दोन अक्षरांचा शब्द कळला असता. जाचकांना विचारायचं नव्हतं, कारण उत्तर त्यांना आधीच हवं ते मिळालेलं होतं. आणि मला? मला तर वाटत होतं की आम्हा दोघांत मीच शहाणी आहे.

"सुचलं नाही," मी म्हटलं.

"हं," मडावी म्हणाले, आणि सुतळीचं टोक त्यांनी माझ्यापुढे केलं. मी ते धरलं. त्यांनी गाठ मारली.

नागपूरला परतल्यावर मी दुसरा जबाब लिहिला. पेटीची दुसरी किल्ली मी फिरवली, असं लिहिलं. दारावर कोण आहे हे कॅप्टन जाचकांनी विचारलं नाही आणि मीही विचारलं नाही, असं लिहिलं. त्यामुळे मला आठ महिने जमिनीवर बसवलं. माझी तक्रार नाही. जाचकांचं उडणं मात्र कायमचं सुटलं. मग कंपनीने त्यांना सुरक्षेचे सल्लागार म्हणून नेमलं आणि अनेक वर्षं ते नव्या मुलांना डोळ्यांतली भीती कशी ओळखायची ते शिकवत होते. पेट्या एका दुपारी गुपचूप काढून टाकल्या. प्रयोग यशस्वीरीत्या पूर्ण झाला, असं परिपत्रक निघालं. निलांबर पुढे बुडाली ती वेगळ्या कारणांनी. आता मी नव्या वैमानिकांना शिकवते, आणि दर वर्षी एखादा तरी हात वर करून विचारतो की मॅडम, आपल्याकडे पिस्तूल असायला हवं की नको. मी त्याला ही हकीकत सांगते. जाचकांचा भाग आला की पुष्कळदा मुलं हसतात. हसू देते.

दुसरा जबाब पोचला त्याच दिवशी नाडगौडांचा फोन आला होता. ते चिडले होते, पण शब्द जपून वापरत होते.

"मिस धायगुडे, चौकशी पूर्ण होत आली होती. ही किल्लीची गोष्ट, ही दारावर कोण आहे ते न विचारल्याची गोष्ट, याची काही गरज होती का? हे तुम्हाला विचारलं होतं कुणी?"

"देवाजी मडावींनी," मी म्हटलं.

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.

"कोण देवाजी मडावी?" नाडगौडांनी विचारलं.